तळ्याच्या फोटोत पाठमोरी

माझी बायको काणी होती. आधीच सांगून टाकतो, नाहीतर लोक शेवटी हळूच विचारतात. ती गेल्यावर भिंतीवर तिचा कोणता फोटो लावायचा, यावरून तिच्या भावाचं आणि माझं कायमचं तुटलं. ते लिहायचं आहे.

डोळा धोट्याने गेला. धोटा म्हणजे लूमवर सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा टोकदार लाकडी तुकडा. कधी कधी तो उडतो. सुरतजवळ भेस्तानला एकाच शेडमध्ये कामाला होतो आम्ही, मी लूमवर आणि ती बॉबिन भरायला. तिला लागलं तेव्हा मी चार पावलांवर होतो आणि मला काही ऐकू आलं नाही. शेडमध्ये कुणालाच काही ऐकू येत नाही. शेठने रिक्षा करून दिली. आम्ही गेटाबाहेर पडायच्या आत मशीन परत चालू झालं होतं.

आमची गल्ली सगळी खानदेशी. हळदीला तिला बोलवायचे, पण नवरीसमोर येऊ द्यायचे नाहीत. शेजारीण म्हणायची, "वहिनी, तुम्ही आत पोळ्या लाटा, इथं ऊन लागंल." मांडवात ऊन लागणार आणि चुलीपुढे गारवा होता जणू. ती लाटायची. फोटोवाला आला की स्वतःच उठून मागच्या दाराने घरी यायची.

गल्लीच्या तोंडाशी एका गुजराती माणसाचा स्टुडिओ होता. थंडीतले तळ्याचे फोटो मोठे करून, फ्रेम लावून तो साडीच्या दुकानांना विकायचा. त्याला पहाटे उठणं जमायचं नाही आणि मला झोप यायची नाही, कान वाजत राहायचे. म्हणून शेडला सुट्टी असली की कॅमेरा माझ्याकडे. चालवायचं त्यानेच शिकवलं. म्हणाला, "काका, तुम्हारा हाथ हिलता नहीं, बस." तुटलेला धागा चालत्या मशीनवर जोडणाऱ्याचा हात कशाला हलेल?

बायको सायकलच्या कॅरियरवर बसून यायची. कडोदरा मागे टाकलं की चलथाणच्या अंगाला उसाच्या मधोमध एक तळं होतं. डिसेंबर-जानेवारीत त्याच्यावर धुकं बसायचं, साखर कारखान्याचा धूर त्यात उतरायचा आणि मळीचा असा वास सुटायचा की डोकं उठावं. फोटोत वास येत नाही. दुकानदार गिऱ्हाइकांना काश्मीर म्हणून सांगायचे आणि गिऱ्हाइकं मान डोलवायची.

ऊन वर आलं की धुकं उठायचं आणि मागचे विजेचे खांब उघडे पडायचे. त्याच्या आत बटण दाबायचं, एवढीच विद्या. पण बोटं गारठून लाकूड व्हायची. ती माझे हात ओढून स्वतःच्या काखेत दाबून धरायची आणि वर शिव्या द्यायची. "मरा लवकर, काढा तो फोटो. घर आंघोळीचं पाणी कोन तापाडी, तुमनी माय?"

मी एक डोळा मिटून कॅमेऱ्यातून बघायला लागलो की म्हणायची, "शेवटी तुम्हले बी एकच डोया लागना ना?"

एका सकाळी ती दात घासत घासत पलीकडच्या काठाला गेली आणि बरोबर माझ्या फोटोच्या मधोमध उभी राहिली. धुकं तिच्या गुडघ्यांपर्यंत. ओरडून उपयोग नव्हता, लूमने दोघांचेही कान खाल्ले होते. शेडमध्ये आम्ही हातांनीच बोलायचो. मी हात वर करून हवेत गोल फिरवला. म्हणायचं होतं, काठाने वळसा घालून बाजूला हो. पण आमच्या शेडमध्ये त्या खुणेचा एकच अर्थ: कापड उलटं लागलंय, फिरव.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग फिरली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. हललीच नाही. ऊन चढत होतं. मी बटण दाबलं.

फोटो असा आला की स्टुडिओवाल्याने विकला नाही, दुकानाच्या दर्शनी काचेत लावला. शेजारणीने लुगड्यावरून ओळखलं आणि नळावर सगळ्यांदेखत म्हणाली, "वहिनी, पाठीकडून तर तुम्ही राणीच दिसता." बाया हसल्या. बायको हंडा भरेपर्यंत तिथेच उभी राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "तुम्हीच माले फिर सांगं."

"फिर नाही. बाजूला हो म्हटलं."

"तेच ते," ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

त्यानंतरही तळ्यावर येत राहिली. मी कॅमेरा काढला की न सांगता पाठ करायची. माझे हात मात्र काखेत धरायची.

दोन-तीन हिवाळ्यांनी न्यूमोनियाने गेली. थंडीच होती. गंधमुक्तीच्या, म्हणजे दिवसकार्याच्या, आदल्या दिवशी तिचा भाऊ गावाहून आला. म्हणाला, "दाजी, हार घालायला फोटो?" चेहऱ्याचा फोटो एकच होता, मतदानाच्या कार्डावरचा, सरकारने जबरदस्तीने काढलेला. तो बघून म्हणाला, "असा कसा लावणार? माणसं काय म्हणतील?" कार्ड घेऊन तो स्टुडिओत गेला. तिथे नवीन कॉम्प्युटर आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो आला. दोन डोळे. चांगला डोळा उचलून, उलटा करून दुसरीकडे बसवला होता. गल्लीतल्या बाया रडल्या. शेजारीण म्हणाली, "किती छान दिसते बिचारी." जिवंतपणी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही त्या बाईने, आणि कागदाकडे बघून पदर डोळ्याला.

मी स्टुडिओच्या काचेत लावलेला तळ्याचा फोटो उतरवून आणला आणि पाटावर ठेवला.

भाऊ म्हणाला, "दाजी, डोकं ठिकाणावर आहे का? पाठीला कोण हात जोडतं?"

"तू नको जोडू."

"माझी बहीण आहे ती."

"तुझ्या पोराच्या हळदीत कुठं बसली होती तुझी बहीण?"

तो उठला. जेवणाच्या पंगतीला थांबला नाही. दोन डोळ्यांचा फोटो पिशवीत घालून गावी घेऊन गेला. आजही त्याच्या ओट्यावर लावलेला आहे म्हणतात. ती कोण बाई आहे, मला माहीत नाही.

तळ्याच्या फोटोला मी झेंडूचा हार घातला. ती त्यात बोटाएवढी, आणि हार मधोमध आला, तर ती पूर्ण झाकली गेली. नुसतं तळं राहिलं. हार सरकवून बघितला, परत मधेच यायचा. मग काढून खाली ठेवला. तेव्हापासून बिनहाराचीच आहे.