कड्याखालचा ओटा

माझी मुलगी कडे चढते. पुण्याला शिकायला गेली आणि हा नाद घेऊन आली. खडकात जागोजागी बोल्ट ठोकायचे, चढताना त्यांत दोर अडकवत जायचं. हात सुटला तर दोर झेलतो. अशी एक वाट तिनं जिंतूरकडच्या टेकडीवर स्वतः आखली. ड्रिल आणि बोल्ट माझ्या दुकानातून गेले. हातगाडीवर खिळे विकत मी परभणीत हार्डवेअरचं दुकान उभं केलंय. तिला तिथं लटकलेली बघून मला भीतीपेक्षा अभिमानच जास्त वाटायचा.

माथ्याजवळ खडक पोटासारखा पुढं आलाय. दर रविवारी तिथंच तिचा हात सुटायचा. खाली दोर धरायला मी. "बाबा, ढील द्या! बाबा, ताणा!" आयुष्यभर गिऱ्हाइकांवर खेकसलेला मी पोरीचे हुकूम मुकाट पाळायचो.

उभं राहायला कड्याखाली एकच सपाट जागा होती, गवतात बुडालेला दगडी ओटा. बाकी सगळा घसरडा उतार. आम्ही ओट्यावर ताडपत्री अंथरायचो. बूट, डबे, सगळं तिथंच. टेकडी चढायची परवानगी गावातून घेतली होती. ओटा कुणाचा, हे विचारावं असं मात्र कुणाच्या मनात आलं नाही.

एका रविवारी, मुलगी खाली उतरल्यावर, पायथ्याच्या शेतातली म्हातारी वर आली. दर वेळी लांबून बघायची. एकदा भुईमुगाच्या शेंगाही दिल्या होत्या. म्हणाली, "तिथून उतरा. माझे मालक हायत ते."

तिचं घराणं लिंगायत. त्यांच्यात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत, आपल्याच रानात बसवून माती देतात. आम्ही तिच्या नवऱ्याच्या समाधीवर डबे खात होतो.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला घेऊन बोली करायला गेलो. मुलगी बांधालगतच गाडीपाशी थांबली. वाटेचं भाडं देतो, रानाला कुंपण घालतो, समाधीला फरशी बसवतो, असं एकेक वाढवत गेलो. म्हातारी खुरपत होती. मान वर न करता म्हणाली, "शेट, मालकाच्या डोक्यावर उभं राहायचं भाडं किती लावलं, तेवढं सांगा."

माझं टाळकं सरकलं. "मग इतके दिवस गप का बसलात? बोल्ट ठोकायच्या आधी सांगायचं होतं! मला काय स्वप्न पडतं?" ओरडून मी गाडीकडं आलो. तो राग अजून गेलेला नाही. एक शब्द वेळेवर बोलली असती, तर पोरीची मेहनत वाया गेली नसती.

मुलगी मात्र चपला काढून तिच्यापाशी जाऊन बसली. तिनं माझाच प्रश्न हळू आवाजात विचारला.

"तू वर लटकलेली असायचीस गं," म्हातारी म्हणाली. "खालून वरडले असते तर दचकली असतीस. अन् खाली आलीस की लय हसायचीस. मंग मला बोलवंना."

मुलगी म्हणाली, "बोल्ट काढते मी, आजी."

मला राहवेना. गाडीपासूनच ओरडलो, "एकदा चढू द्या तिला! माथ्यापर्यंत अजून पोचलेली नाही ती. एकदाच!"

म्हातारीनं तिच्याकडं पाहिलं. "चढायचंय का?"

"लय चढायचंय," मुलगी म्हणाली. "पण दोर धरायला जागा तीच आहे, बाबा."

पुढच्या रविवारी ती मागच्या पायवाटेनं माथ्यावर गेली, झाडाला दोर बांधून उतरत आली. बोल्ट काढत होती, भोकं बुजवत होती. खडकाच्या त्या पोटापाशी आली आणि थांबली. जी धार कधीच हाताला लागली नव्हती, तिच्यावर तळवा ठेवून लोंबकळत राहिली. मी आणि म्हातारी बांधावर, एकमेकांकडं पाठ करून.

"काय करायलीय ती?" म्हातारीनं विचारलं.

"रडायलीय," वळून बघत तीच म्हणाली. "रडू द्या."

मुलगी उतरल्यावर म्हातारीनं तिच्या तोंडावरची दगडाची भुकटी पदरानं पुसली. मग पलीकडं हात केला. "त्या अंगालाबी खडक हाय की. तिकडं आमचं कुणी न्हाई. बांधावरनं जायचं, पिकातनं न्हाई. तुझ्या बापालाबी सांग." मी तिथंच, दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.

तिकडचा खडक मुलीला सोपा वाटतो, मला तर मुळीच पसंत नाही. तरी रविवारी जातो, बांधावरून.