थांबायचं होतं म्हणून वेग दिला

हसणार नसाल तर सांगतो. नाही, हसाच! वर्षभर या घरात कोणी हसलेलं नाही. ज्या माणसाने भर समुद्रात, डुलणाऱ्या जहाजावर शेकडो वेळा लढाऊ विमान उतरवलं, तो पापडी गावात स्वतःच्या दारात स्कूटर घेऊन आपटला. तो दिवटा म्हणजे मीच.

स्कूटर सुनंदाची, माझ्या बायकोची. ती गेल्यापासून पडवीत चादरीखाली उभी होती. आमची मुलगी मुक्ता बंगळुरूला असते. तिची एकच अट, "बाबा, एकटं राहायचंय ना? राहा. पण वर्षश्राद्धापर्यंत काही गडबड झाली, तर घराला कुलूप आणि तुम्ही माझ्याकडे!"

मला घर सोडायचं नव्हतं हो. सुनंदा आता जी काही उरली होती, ती याच घरात.

श्राद्धाला आठ दिवस राहिले. मुक्ता येईल तेव्हा आईची स्कूटर चालू असावी, म्हणून मी ती गॅरेजमधून नीट करून आणली. सावकाश, शहाण्यासारखा आलो. फाटकातून आत शिरलो, चाक अंगणाच्या फरशीला टेकलं आणि मी मूठ पिळली. पूर्ण!

का म्हणून काय विचारता? सवय! जहाजावरची धावपट्टी एवढीशी. विमानाच्या शेपटीखालचा आकडा डेकवरच्या पोलादी दोरात अडकला, तरच विमान थांबतं. नाही अडकला तर पुढे समुद्र. म्हणून चाकं टेकली रे टेकली की इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा, दोर चुकलाच तर लगेच परत उडता आलं पाहिजे. विमानात जोर द्यायचा दांडा डाव्या हाताला, स्कूटरची मूठ उजव्या. पण सवय कसला हात बघते! डोक्यात सुनंदा होती, हाताने आपलं जुनं काम केलं.

स्कूटर काही उडाली नाही. भिंतीलगत सुनंदाने लावलेल्या सोनचाफ्यात घुसली.

शेजारचे अंतोनमामा केळीच्या वाडीतून धावत आले. "आरे भाऊ, भिंत दिसली नाय तुला?"

"दिसली की."

"मग बिरेक?"

"नाही दाबला. थांबायचं होतं, म्हणूनच तर वेग दिला!"

मामांचा चेहरा उतरला. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "चल, पानी पी आदी."

झालं! संध्याकाळपर्यंत आळीभर बातमी, की बायकोच्या मागे भाऊने जीव द्यायला स्कूटर भिंतीवर घातली. मामी कालवण घेऊन आल्या आणि जाताना माझी सुरी घेऊन गेल्या. मामांनी स्कूटरची किल्ली खिशात टाकली. "फादरना सांगून तुज्यासाटी मिस्सा ठेवलीय," असंही सांगितलं, म्हणजे माझ्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना! मी जहाज, आकडा, दोर असं जितकं समजावतोय, तितके दोघं जास्तच हळू बोलतायत!

मामांनी मुक्तालाही फोन केला होता.

दुसऱ्या दिवशी ती दारात. बॅग खाली ठेवायच्या आधीच रडायला लागली. मी पाट मांडला, त्यावर सुतळी ताणली, चमच्याचं विमान केलं आणि चार वेळा उतरवून दाखवलं. तेव्हा कुठे हसली. मग चमचा उचलून म्हणाली,

"आई म्हणायची, हे घरी येतात तेही परत जायच्या तयारीने."

खरंच होतं. रजेवर यायचो तेव्हा बॅगसुद्धा पूर्ण उघडत नसे मी. फार वाईट वाटलं.

"पण बाबा, इथे दोर कुठे होता?"

मी चाफा दाखवला. साल सोलवटली होती, पण भिंतीच्या आधी त्यानेच मला धरलं होतं.

मुक्ता बराच वेळ त्या झाडापाशी उभी राहिली. श्राद्ध झाल्यावर परत गेली, पण घराला कुलूप लावलं नाही. स्कूटरची किल्ली मात्र मामांकडेच ठेवली.

आता मी रिक्षाने फिरतो. परवा रिक्षा फाटकाशी थांबली आणि माझा डावा हात दाणकन पुढे गेला, थेट रिक्षावाल्याच्या पाठीत!

तो कळवळून वळला. "ओ काका, इथेच उतरायचंय ना? मग पुढे कशाला ढकलताय?"

सुनंदा जन्मभर हेच विचारत होती. मला कळलं ते परक्याच्या पाठीत गुद्दा घातल्यावर!