पासंगचा चहा

दुबईत जुलैमध्ये नळ सोडला की अजूनही हाताला चटका बसतो, आणि मी पंचवीस वर्षांमागच्या अबुधाबीतल्या रुवैसच्या लेबर कॅम्पमध्ये जाऊन पोचतो.

पासंग शेर्पा माझ्यासारखाच फिटर, माझा रूममेट. पण पहिल्याच पहाटे, धूसर उजेडात, त्याने चहा आणि तोंड धुवायला गरम पाणी आणून मला हळूच उठवलं.

"अरे, यहाँ तो नल में ही उबलता है!" मी हसलो. तोही लाजून हसला. डोंगरावर तंबूतंबूत जाऊन टुरिस्टांना असं उठवण्यात त्याची पंधरा वर्षं गेली होती.

महिनाभर मी तो चहा मजेत प्यायलो. मग एका शुक्रवारी आधी उठून मीच त्याच्या उशाशी कप नेला. आल्याच्या वासाने तो धडपडून उठला, कप हातात घेतला आणि म्हणाला, "किसको देना है?"