ब्रश फिरवून बघणारी मावशी

आमच्या मावशीला भित्री म्हणणं म्हणजे मिठाला खारट म्हणणं. पण तिची भीती नोकरीतून आलेली होती.

भुलीच्या औषधांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत ती तळ्यातल्या गोगलगायी सांभाळायची. काचेच्या टाक्या धुवायच्या, कोवळी पानं टाकायची, पाणी बदलायचं. गोगलगायीच्या चेतापेशी चांगल्या मोठ्या असतात, भिंगाखाली एकेक वेगळी दिसते. भुलीनं त्या कशा गप्प होतात ते तिथल्या मॅडम बघायच्या. त्याआधी मावशी अख्खी गोगलगाय औषधाच्या पाण्यात ठेवायची आणि तिच्या अंगावरून रंगाचा मऊ ब्रश फिरवायची. जागी असली तर ती आखडून शंखात शिरायची. भूल चढली की ब्रश फिरला काय आणि न फिरला काय. मग तिला स्वच्छ पाण्यात सोडायचं. बहुतेक उठायच्या. एखादी उठायची नाही, आणि त्या दिवशी मावशीला घास गिळवायचा नाही.

"गोगलगाय नि पोटात पाय," असं काका, म्हणजे तिचे यजमान, तिला चिडवायचे. ते दुपारी आडवे झाले की मावशी हळूच त्यांच्या तळपायावर बोट फिरवून बघायची. काकांनी पाय झाडला, शिव्या दिल्या, की तिच्या जिवात जीव यायचा.

मग काकांनाच हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं. मावशीचं धाबं दणाणलं.

"अहो, कापू दे त्यांना काय कापायचं ते. पण भूल नको."

"मग काय, दातात रुमाल धरून पडू?" काका हसले.

मॅडमनीही समजावलं, की डॉक्टर माणसाच्या श्वासावर सतत नजर ठेवतात, गोगलगायीवरून नवऱ्याचा हिशेब करू नका. मावशीनं मान डोलावली आणि ब्रश पर्समध्ये टाकला.

ऑपरेशननंतर काकांना खोलीत आणलं. डोळे मिटलेले, चेहरा पांढराफटक. मी पाणी ओतायला वळले, तेवढ्यात मावशीनं चादर सारून तळपायावर ब्रश फिरवला. पाय हलला नाही. तिनं टाचेपासून बोटांपर्यंत परत फिरवला. मग करकचून चिमटा काढला.

"गेले गं!"

ती अशी ओरडली की माझ्या काळजाचं पाणी झालं. काकांची छाती वरखाली होत होती, पण त्या क्षणी मलाही ती दिसेना.

नर्स धावत आली. "अहो, पाठीत सुई देऊन फक्त कमरेखाली भूल दिलीय. पाय इतक्यात नाही हलायचे. यांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

काकांनी गुंगीतून डोळे उघडले. "उगाच आणखी घाबरली असतीस," ते पुटपुटले.

मावशी खुर्ची पायाशी ओढून बसली आणि थोड्या थोड्या वेळानं ब्रश फिरवत राहिली. पाय लाकडासारखे पडलेले.

"पाणी बदलून बघ," काका म्हणाले. ती हसली नाही. मीही नाही. काकांची एक मूठ चादरीत आवळलेली होती, ती काही सुटत नव्हती. हळूहळू त्यांचे विनोदही आटले.

दिवे लागायच्या सुमारास डाव्या पायाचा अंगठा आखडला. मावशीला हुंदका फुटला. तिनं ब्रश बाजूला ठेवला, डोळे पुसले.

काका छताकडे बघत होते. चादरीतली मूठ अजून तशीच होती.

"परत फिरव," ते म्हणाले. "अजून एकदा. थांबू नकोस."