निळी रेघ सर्वानुमते मंजूर

बहात्तरच्या दुष्काळानंतर मला भूजलाच्या सरकारी खात्यात नोकरी लागली. काम साधं होतं. वर्षातून चारदा ठरलेल्या विहिरींवर जायचं, पोलादी टेपाच्या टोकाला खडू फासायचा, टेप आत सोडायचा आणि खडू कुठवर भिजला ते बघून पाणी किती खोल गेलंय ते लिहायचं.

अणदूरजवळच्या आमच्या गावच्या विहिरीत मी पहिल्यांदा टेप सोडला, तेव्हा आई बघायला आली होती. आम्ही बौद्ध झालो त्यानंतरही कित्येक वर्षं त्या विहिरीवर, कुणी वरून पाणी वाढेपर्यंत तिला लांब उभं राहावं लागे. आता मी काठावर पालथा पडून आत वाकलो होतो आणि विहिरीचे मालक माझे पाय धरून बसले होते. घरी आल्यावर आईनं एवढंच विचारलं, "घट्ट धरलं हुतं न्हवं त्यांनी?"

चार-पाच वर्षांची मापं जमल्यावर आमच्या साहेबांनी मला तामलवाडीकडच्या एका गावात पाठवलं. तिथल्या पाणीपुरवठा सोसायटीला ऊस वाढवायचा होता. पुढच्या उन्हाळ्यात विहिरींना किती पाणी राहील याचा अंदाज मी त्यांना आधी सांगायचा होता. मी आलेखाच्या कागदावर दोन रेघा काढल्या. पाऊस बरा झाला तर पाणी कुठं राहील ती निळी, कमी झाला तर कुठं जाईल ती लाल.

मारुतीच्या पारावर सभा भरली. सोसायटीचे चेअरमन गावातले मोठे बागायतदार होते. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि यातली सरकारनं मंजूर केलेली रेघ कोणती, असं विचारलं. मी म्हणालो, दोन्ही अंदाजच आहेत, पावसाच्या हातात आहे. त्यावर ते म्हणाले, मग आपण गावाच्या हातात घेऊ. सेक्रेटरींनी लगेच ठराव लिहिला : निळ्या रेघेस ही सभा सर्वानुमते मंजुरी देत आहे.

मागं बायकांत बसलेली एक म्हातारी उठली. तिची दोन एकर जमीन होती, ती एकटीच कसायची.

"साहेब, पाऊस कमी पडला की मोटारी जास्त चालत्यात. ते धरलंय का तुमी लाल रेघंत?"

मी ते धरलं नव्हतं. पण सगळे माझ्याकडं बघत होते, म्हणून मी मान हलवून म्हणालो, "मावशी, शास्त्रीय पद्धतीनं सगळं धरलंय." ती खाली बसली. तिनं त्या वर्षी कमी पाण्यावर येणारी करडई पेरली. तिच्या बांधाला बांध असलेल्या तिघांनीही तेच केलं. बाकी गावानं ऊस लावला.

पाऊस रुसला. संक्रांतीनंतर मी चेअरमनांच्या विहिरीवर गेलो, तर ते म्हणाले, माप सकाळी मोटार लावायच्या आत घ्या, तेव्हा पाणी जरा वर असतं. मी सकाळीच घेतलं. खडू कोरडाच वर आला. आणखी टेप सोडला, तेव्हा कुठं तो भिजला. पाणी माझ्या लाल रेघेच्याही बरंच खाली गेलं होतं.

चेअरमन चिडले. सरकारी रेघ खोटी निघाली म्हणाले. मी शरमलो होतो, त्यामुळं सभेनं मंजूर केलेली रेघ निळी होती, याची आठवण करून द्यायचं मला सुचलं नाही. म्हातारीकडं जाऊन मी कबूल केलं की मोटारींचं मी धरलं नव्हतं. तिनं मला भाकरी आणि करडईच्या भाजीला बसवलं आणि म्हणाली, "कळलं हुतं मला. तुमी मान लई हलवली."

फाल्गुनात सोसायटीनं मोटारी बंद केल्या, चेअरमनांची विहीर पिण्यासाठी ठेवली आणि उभा ऊस तोडून जनावरांना घातला. पुढच्या ज्येष्ठात त्यांनी मला पुन्हा बोलावलं. या वेळी मोटारी किती तास चालतात ते मी घरोघर विचारून मांडलं, लालच्या खाली तिसरी रेघ काढली, आणि त्या रेघेकडं बघून उसाचे एकर ठरले. म्हातारीला चेअरमनांनीच पुढं बसायला सांगितलं.

त्या वर्षी मात्र पाऊस भरपूर झाला. विहिरी पुढच्या मृगापर्यंत पुरल्या. चेअरमन भेटेल त्याला सांगत होते की पाणी असूनही या साहेबामुळं त्यांना ऊस कमी लावावा लागला.