बाबांच्या वाट्याचा नाला

ताईला पाहायला आलेली दोन स्थळं परत गेली आणि बाबांनी दोष नाल्याला दिला. सत्तरच्या दशकातलं आमचं नागपूरचं ले-आउट, म्हणजे प्लॉट पाडून झालेली नवी वस्ती. घरं आणि रस्ता यांच्या मधून हा नाला वाहायचा. खरं म्हणजे नुसता पडून असायचा. पाहुणे नाकाला रुमाल लावून फळीवरून यायचे आणि पोहे खाऊन तसेच परत जायचे. ताईला सत्तावीस लागलं होतं. त्याबद्दल बोलण्यापेक्षा नाल्याबद्दल बोलणं सोपं होतं.

एका रविवारी बाबांनी अकरा घरांची बैठक बोलावली. उपवर मुली बऱ्याच घरांत होत्या, त्यामुळे साफसफाईवर लगेच एकमत झालं. पण सगळे मूळचे शेतकरी. काम एकत्र करायचं म्हटलं की आधी वाटणी. शेजारचे काका म्हणाले, "धुरे टाकून घेऊ गा. ज्याच्या घरापुढचा नाला, त्यानंच साफ करावा. मंग कटकट नाही." मग शेतात घालतात तसे प्रत्येकाच्या हद्दीवर मातीचे बांध पडले.

बाबा कारकून. त्यांनी बर्डीच्या बाजारातून नवं फावडं आणलं आणि दीड महिना कचेरीतून आल्यावर रोज खणलं. इतरांनी गुडघाभर खणलं, बाबांनी छातीभर. काठाला कर्दळ लावली, उतरायला पायऱ्या केल्या. रामटेककडचं स्थळ यायच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी धुरे फोडले आणि अकरा घरांचं सांडपाणी आमच्या दारात येऊन थांबलं.

मुलाचे वडील धानाचे शेतकरी. ते घरात येईनातच. काठावर उभं राहून त्यांनी नाला वरपासून खालपर्यंत पाहिला.

"पाण्याले धुरा समजत नाही, भाऊ. एवढं खोल काहून खंदलं?"

मी आणि ताई पोह्यांचं ताट घेऊन दाराआड उभ्या होतो. तिच्यामागे माझाच नंबर होता, आणि बाबांचा मला भयंकर राग आला होता.

"पोरीले पाहायले लोक येतात," बाबा शेवटी म्हणाले. "वास येऊ नये म्हणून."

म्हाताऱ्यानं धोतर खोचलं आणि फावडं मागितलं. नवी टेरिलीनची पँट दुमडून मुलगाही उतरला. काठावर रचलेली माती पुन्हा आमच्या खड्ड्यात गेली. बाबांची दीड महिन्याची मेहनत दोन तासांत बुजली आणि पाणी चालू लागलं. पोहे गार झाले होते.

आईनं भीत भीत विचारलं, "मुलीला बाहेर बोलावू का?"

"पाहायचं काय राहिलं?" म्हातारा पाय धूत म्हणाला. "बापानं तिच्यापायी छातीभर खंदलं. आमच्या घरी एवढं कोन खंदन, त्याचीच मले चिंता आहे."

"मी खंदतो," मुलगा नाल्यातूनच म्हणाला.

ताईनं ताट माझ्या हातात दिलं आणि आत जाऊन रडली. दोन नकारांना ती रडली नव्हती.