फुकटची ट्रेनर

फुकट मिळणाऱ्या गोष्टींबद्दल मला कुणी शिकवू नये. शारजात, अल नहदाला माझा फराळाचा धंदा आहे. नव्या गिऱ्हाइकाच्या हातावर चार चकल्या ठेवते, त्या काही प्रेमापोटी नाही. म्हणून आमच्या मंडळाच्या बॅडमिंटन क्लबला एका हॉस्पिटलने फुकट ट्रेनर दिली, तेव्हा बाकीचे आईबाप खूश झाले आणि मला वाटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

ट्रेनर केरळची, तिशीतली. शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीन संध्याकाळी यायची. कोपऱ्यात मॅट, शेजारी बर्फाचा डबा आणि टेपची रिळं. कुणाचा खांदा दुखला, पाय मुरगळला, की ती बघणार. पगार हॉस्पिटल देणार. मी ठरवूनच टाकलं की ही गळ टाकून बसली आहे. जरा दुखलं की हॉस्पिटलला धाडायचं, मग एमआरआय, मग स्पेशालिस्ट. इन्शुरन्स असला तरी दर खेपेला शंभर दिरहम आपल्या खिशातून, म्हणजे चोवीसशे रुपये. मुलीला न्यायला मी अर्धा तास आधीच जाऊन बसू लागले आणि ती किती जणांना पाठवते ते डोळ्यांत तेल घालून बघू लागले.

मग माझ्याच मुलीचा घोटा मुरगळला. ती चौदा वर्षांची, आणि शारजाच्या स्पर्धेला सहा आठवडे उरलेले. ट्रेनरने हाड दाबून पाहिलं, तिला चार पावलं चालवलं आणि मला म्हणाली, "मॅडम, हॉस्पिटल की जरूरत नहीं. एक्सरसाइज मैं करवाऊंगी, खेलेगी."

आता मला बरं वाटायला हवं होतं. पण छे, मला नवाच संशय आला: हिला काही येतं तरी का? गुपचूप दुसऱ्या क्लिनिकमध्ये जाऊन एक्सरे काढला. तिथले डॉक्टरही अगदी तेच बोलले. मला लाज वाटली. पुढच्या वेळी तिच्यासाठी चिवड्याचा डबा नेला. तो खाऊन तिने खोबरं कमी असल्याचं सांगितलं. केरळची बाई, दुसरं काय सांगणार. त्या दिवसापासून ती मला आवडू लागली. मुलगीही चौथ्या आठवड्यात उड्या मारू लागली.

त्याच आठवड्यात हॉस्पिटलचे एक साहेब आले, सुटाबुटातले, फार नम्र. क्लबच्या पालकांना ट्रेनरबद्दल काय वाटतं, ते विचारत होते. इतके दिवस मनातल्या मनात तिला चोर ठरवलं होतं, त्याची भरपाई करायला मीच पुढे झाले.

"सर, इतने महीनों में इसने सिर्फ दो लोगों को आपके यहां भेजा," मी म्हणाले. "बाकी सबको यहीं ठीक किया. ऐसी ईमानदार लड़की नहीं मिलेगी."

"दो?" त्यांनी विचारलं. मी दोन बोटं दाखवली. त्यांनी ते लिहून घेतलं, मला थँक्यू म्हणाले. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की आज एक चांगलं काम केलं.

रविवारी हॉलच्या कोपऱ्यात मॅट नव्हती. एक टेबल होतं आणि टॅब्लेट घेऊन बसलेली दुसरी बाई, अपॉइंटमेंट घेणारी. आधीची ट्रेनर कुठे, असं विचारल्यावर तिने "कॉन्ट्रॅक्ट खलास" एवढंच सांगितलं. मुलीच्या घोट्याला हातही न लावता आधी एमआरआय करून घ्या म्हणाली. स्पर्धेला दोन आठवडे होते आणि व्यायाम अर्धवट राहिले होते.

गाडीत मुलीने विचारलं, "मम्मा, व्हॉट डिड यू टेल देम?"

आधीच्या ट्रेनरची स्तुती केली, असं मी सांगितलं. काय स्तुती, तेही शब्दन्‌शब्द सांगितलं.

"यू वेअर काउंटिंग?" ती म्हणाली.

हो. हॉस्पिटलच्याही आधी मीच मोजत होते.